सीडी पुसण्याची रीत

गेल्या रविवारी दुपारी पंचवटीतल्या घरी कपाट आवरताना जुन्या सीडींचा डबा हाती लागला आणि आवरण्याचे काम तिथेच थांबले. सर्वांत वरची सीडी द. वि. पलुसकरांच्या भजनांची होती. नाशिकला जन्मलेला हा गायक १९५५ साली अवघ्या ३४ व्या वर्षी गेला, त्यामुळे बाबा त्यांचे नाव 'आपले बापूराव' असे घेत, आणि घेतल्यावर क्षणभर गप्प राहत.

लेकीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. म्हणून महात्मा गांधी रोडवरून आणलेला, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह काढला. त्याच्या वायरीला दोन यूएसबी पिना आहेत, कारण एकीतून मिळणारी वीज मोटरला कधी कधी पुरत नाही. दोन्ही खोचल्या. तीन भजने नीट वाजली. चौथ्यात मात्र एकच सूर टक् टक् करत अडकला. "आई, हे सगळं फोनवर आहे," लेक म्हणाली. आहे, हे मला मान्य आहे.

मी आतल्या खोलीत गेले आणि २००३ साली घेतलेल्या संगणकावरचे कापड काढले. हा संगणक आला तेव्हा त्या खोलीत चप्पल घालून जायला बंदी होती, आणि संध्याकाळी त्याला उदबत्ती ओवाळायची की नाही यावर आजीशी गंभीर चर्चा झाली होती. बाबा सीडी दोन बोटांनी कडेला धरून, प्रसादाची वाटी पुढे करावी तशा बेताने ट्रेमध्ये ठेवत. पडद्यावर फक्त 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' एवढेच दिसे, म्हणून भजनांची नावे त्यांनी वहीत क्रमांकांसह लिहून ठेवली होती. प्रत्येक फाइल ४४ बाइटची दिसते, एवढ्याशात अख्खे गाणे कसे मावते, या कोड्याने त्यांचे दोन दिवस खाल्ले. त्या फाइलीत गाणे नसतेच, ते तबकडीवर कुठे सुरू होते एवढा पत्ता असतो, हे मी सांगितले तेव्हा त्यांची थोडी निराशाच झाली.

पुसण्याच्या बाबतीत मात्र ते माझे कधी ऐकत नसत. सीडी मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसायची असते. तिच्यावरची नोंद आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत असते. आडवा ओरखडा त्या रेषेला एकेका फेऱ्यात किंचित छेदून जातो आणि तेवढी तूट चूक-दुरुस्तीची सोय भरून काढते. गोल ओरखडा मात्र रेषेच्याच दिशेने लांबवर पसरतो, आणि तिथे ती सोय हात टेकते. बाबा जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन सीडी गोल गोल चोळत. "ताम्हण असंच पुसतात," हे त्यांचे शेवटचे उत्तर. आता घरात कोणी सीडीला हात लावला की माझी नजर त्याच्या बोटांवर असते. चष्मासुद्धा मी मधून कडेकडेच पुसते. त्याला शास्त्रीय आधार काहीही नाही.

चौथ्या भजनातले ते ओरखडे, अर्थात, बाबांचेच.

पाच मिनिटांनी संगणक सुरू झाला, पंख्याने पिठाच्या गिरणीसारखा सूर धरला, ट्रे बाहेर आला. चौथ्या भजनापाशी ड्राइव्ह आतल्या आत कण्हला, त्याची घरघर खाली आली, बहुधा तोच भाग त्याने पुन्हा वाचला असावा. आणि गाणे न अडकता पुढे गेले. मूळची ध्वनिमुद्रणे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. त्यामुळे बापूराव स्वर लावतात न लावतात तोच निरोपाची वेळ येते, आणि आपण पुढच्या ट्रॅकची वाट पाहत थांबतो.

पाचवे सुरू होऊन अर्धे झाले असेल, तोच वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच संपली आहे. पडदा काळा झाला, पंखा हळूहळू थांबला आणि सीडी आतच राहिली. ट्रेच्या खाली त्यासाठीच एक बारीक छिद्र असते. यू-पिन सरळ करून आत दाबली की वीज नसतानाही ट्रे थोडा बाहेर येतो. मी खणातून पिन काढली, सरळही केली.

"काढू का मी?" लेकीने विचारले.

"नको. वीज आली की पाचव्यापासून लावू."

रात्री साडेनऊपर्यंत वीज आली नाही. सीडी अजून आतच आहे.