राणीने काडीमोड दिला?

मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मी काम करते. दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले की आमच्याकडे एकच गडबड असते. अशाच एका दुपारी एक लेखिका आल्या. लेखाचा विषय डॉ. रखमाबाई, लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देऊन पुढे डॉक्टर झालेल्या. "मॅडम, संपादक अडून बसलेत. एवढ्या एका वाक्याला आधार द्या म्हणतात." वाक्य असं होतं : अखेर व्हिक्टोरिया राणीने हुकूम काढून हा विवाह रद्द केला.

हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल! इंटरनेटवर रखमाबाईंचं नाव टाकलं की ते समोर येतंच. ती पानं आम्ही एकेक करून उघडली. कुठेही हुकमाची तारीख नाही, क्रमांक नाही, कागदाचा पत्ता नाही. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने जसंच्या तसं उचललेलं. मी म्हटलं, ताई, मुळापासून बघू.

रखमाबाईंचं आयुष्य शोधायचं तर त्यांच्या नावाखाली ते पटकन सापडत नाही. खटला 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या मुंबई मालिकेत आहे, नवव्या खंडात, पान 529 वर. पण तो लागतो वादी, म्हणजे त्यांचे नवरे दादाजी भिकाजी यांच्या नावाने. 'टाइम्स ऑफ इंडिया'तल्या रखमाबाईंच्या पत्रांखाली सही 'अ हिंदू लेडी'. जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात तर इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून पाहावं लागतं. (त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन मात्र चटकन भेटतात. 1883 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी ते एक. त्यांच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.)

मी कागदावर तारखा मांडत गेले. 26 जून 1885, बालविवाहावरचं पत्र. 19 सप्टेंबर, सक्तीच्या वैधव्यावरचं पत्र. 21 सप्टेंबर, न्यायमूर्ती पिन्ही यांचा रखमाबाईंच्या बाजूचा निकाल. शेवटच्या दोन तारखा शेजारी शेजारी आल्या आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. शनिवारी टोपणनावाने पत्र छापून येतं आणि सोमवारी त्याच बाईच्या आयुष्याचा निकाल लागतो! वय अवघं वीस. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

पुढे 1886 मध्ये अपिलात तो निकाल फिरला. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

आणि राणी? या खटल्यावर सुधीर चंद्र यांनी 1998 मध्ये इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलंय. ते कपाटातून काढलं. जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला दावा सोडला. मुळात खटला लग्न मोडण्याचा नव्हताच. बायकोने नांदायला यावं, यासाठी तो होता. त्यामुळे दावा सुटला तरी लग्न कायम राहिलं.

ताईंचं तरी मन होईना. "पण सगळीकडे छापलंय हो!" तेव्हा मी त्यांच्याच लेखाचं शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं. चरित्रांच्या आधारे त्यांनी लिहिलं होतं की दादाजी वारल्यावर रखमाबाई विधवेचं पांढरं लुगडं नेसू लागल्या. राणीने लग्न रद्द केलं असतं, तर हे वैधव्य कुणाचं?

मला हा तपशिलाचा कीस वाटत नाही. राणीची कृपा मध्ये आणली की रखमाबाईंची चार वर्षांची झुंज पुसली जाते. त्या लढल्या, तुरुंगाला तयार झाल्या, पैसे देऊन सुटल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या आधाराने इंग्लंडला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या, आणि मग सुरत, राजकोट इथे वर्षानुवर्षं बायकांची बाळंतपणं केली. यातलं काहीही कुणी त्यांना बहाल केलेलं नाही.

ताईंनी ते वाक्य खोडलं. तडजोड, दोन हजार रुपये आणि त्या शनिवार-सोमवारच्या तारखा समासात लिहून घेतल्या. मग बाहेर जाऊन संपादकांना फोन लावला : "आधार मिळाला नाही, वाक्य काढतेय. पण मला आणखी अर्धं पान द्या."