उपड्या ताटावरचं वरण

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिहून दे असा ग्रुपवर मेसेज आला अन् मला आधी आठवली आठवीतली भूगोलाची वही. ज्वालामुखी म्हटलं की आम्ही सगळे पोट्टे समोस्यासारखा त्रिकोण काढायचो, वरून लाल स्केचपेनचा फवारा. मी तसाच काढून खाली मौना लोआ लिहिलं, सरांनी अशी काट मारली की पान फाटलं.

"काहून बे, हवाईचा डोंगर असा टोकदार असते का?"

मग सुट्टीत सरांनी खिचडीवाल्या मावशींकडून दोन ताटं घेतली, उपडी ठेवली, एकावर पळीभर पातळ वरण अन् दुसऱ्यावर घट्ट झालेली खिचडी. वरण काठापर्यंत पसरलं, खिचडीचा ढीग जिथल्या तिथं. मावशी भडकल्या ते वेगळंच. सर म्हणे, लाव्हात सिलिका, म्हणजे वाळूत असते तो पदार्थ, कमी असली की तो वरणासारखा पळते, गॅस आरामात निघून जाते, थरावर थर बसून जमिनीवर ढाल उपडी ठेवल्यासारखा पसरट डोंगर होते. सिलिका जास्त तर खिचडी, गॅस आत कोंडते अन् फुटते, 1980 मध्ये अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचं डोकंच उडालं तसं.

मौना लोआ समुद्राच्या वर 4169 मीटर, पण तळापासून धरला तर नऊ किलोमीटरच्या वर! खाली हॉटस्पॉट, म्हणजे खोलातून तप्त दगड वर येते ती जागा, तिथंच अन् वरची प्लेट, म्हणजे जमिनीच्या कवचाचा भलामोठा तुकडा, सरकत राहते म्हणून हवाईत बेटांची रांग लागली, गॅलापागोस बेटांनाही हॉटस्पॉटच, आइसलँडमध्ये तर प्लेटा एकमेकींपासून दूर जातात ते वेगळं. मंगळावर प्लेट सरकतच नाही, म्हणून तिथला ऑलिंपस मॉन्स ज्वालामुखी एकाच जागी वाढत 22 किलोमीटरच्या आसपास उंच झाला, हे सांगताना सर स्वतःच खूश व्हायचे.

"सर, आपल्याकडं कुठी आहे?" मागून कोणीतरी विचारलं.

"तुह्या पायाखाली." साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आपला लाव्हा पण असाच पातळ, पण एका तोंडातून नाही तर लांबच लांब भेगांतून आला, म्हणून ढाल न होता पठार झालं, अन् त्याच काळ्या दगडाची माती होऊन आपली कपाशीची जमीन.

त्याच उन्हाळ्यात बाबांनी विहीर खोदली. मुरूम संपला, काळा पाषाण लागला, सुरुंग लावला तर ढिगाऱ्यात एक भोकाभोकाचा दगड निघाला, भोकांत पांढरे चमकणारे खडे. सरांना नेऊन दाखवला. सर म्हणे हे गॅसचे बुडबुडे, निघता निघता राहून गेले, खडे मागून भरले. तो दगड त्यांनी स्टाफरूमच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला होता, अजून असला तर कोणीतरी फोटो टाका बाप्पा.