थडग्यावरच्या चिन्हावरून पंथ कळतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आयर्लंडमध्ये घराण्याचा माग काढणारी माणसं जुन्या थडग्याचा फोटो पुढे करून हमखास विचारतात, "हे चिन्ह बघा, आमचे लोक कॅथलिक की प्रॉटेस्टंट?"

प्रश्न महत्त्वाचा आहे. जून 1922 मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या संकुलातलं सरकारी दप्तर जळालं. 1821 ते 1851च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. त्यामुळे चर्चच्या उरलेल्या नोंदवह्यांवर भिस्त, आणि कुठल्या चर्चच्या चाळायच्या ते पंथावरून ठरतं.

'आयएचएस' म्हणजे येशूच्या ग्रीक नावाची सुरुवातीची अक्षरं. अठराव्या शतकातल्या कॅथलिक थडग्यांवर ती खूप दिसतात, पण प्रॉटेस्टंट थडग्यांवरही आहेत. दफनभूमीवरूनही निकाल लागत नाही. जुन्या दफनभूमी चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या ताब्यात गेल्या, तरी कॅथलिक घराणी आपल्या माणसांना तिथेच, पूर्वजांशेजारी पुरत राहिली. कॅथलिकांना आपल्या विधींनी दफन करता येईल अशी डब्लिनची ग्लासनेव्हिन दफनभूमी उघडली ती थेट 1832 साली.

कवटी आणि वाळूचं घड्याळ पाहून घाबरू नका. मरण अटळ आहे, एवढंच ते सांगतात. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात स्थायिक झालेल्या स्कॉटिश कुटुंबांच्या जुन्या थडग्यांवर ही चिन्हं बरीच आढळतात. वर्तुळाच्या केल्टिक क्रुसावरून घराणं हजार वर्षांचं ठरवू नका. मोनास्टरबॉइस या जुन्या मठातले भव्य क्रूस तेवढे जुने आहेत खरे, पण थडग्यांवर त्या घडणीची लाट आली एकोणिसाव्या शतकात.

माझं सगळ्यात लाडकं चिन्ह म्हणजे भांड्यातून उठणारा कोंबडा. लोककथा अशी: कोंबडा चुलीवर शिजत होता. कुणीसं म्हणालं, हा उठेल तेव्हाच येशू थडग्यातून उठेल. तेवढ्यात कोंबड्याने पंख झाडले आणि तो आरवला. बायबलमध्ये ही गोष्ट नाही, तरी आयरिश पाथरवटांनी ती पिढ्यान्‌पिढ्या कोरली. सोबत हातोडा, सांडशी, खिळे, शिडी अशी क्रुसावरच्या छळाची साधनंही असतील, तर मी बऱ्याच भरवशाने कॅथलिक म्हणते.

तरी शेजारची थडगी पाहिल्याशिवाय बोलू नये. एकाच पाथरवटाचा हात ओळीने दिसला, तर ते चिन्ह कुटुंबाच्या श्रद्धेइतकंच त्याच्या सवयीचं असू शकतं. अक्षरं पुसट असतील तर आरशाने तिरपा उजेड पाडा. खडू किंवा तारेचा ब्रश अजिबात नको, दगड कायमचा खराब होतो. आणि मजकुरात टाउनलँडचं, म्हणजे वाडीचं, नाव असेल तर आधी ते उतरवून घ्या. एका आडनावाची घरं परगणाभर असतात. त्यातलं तुमचं कुठलं, ते त्या नावावरून शोधता येतं.