तुम्ही विचारलंत म्हणून: मायला आता काम करू द्यावं का?

"म्याडम, मायला आता काम करू द्यावं का?" परभणीत फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. मुलगा विचारतो, सून विचारते, नवरा निघता निघता दारात थांबून विचारतो. मायच्या कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, लाईट (म्हणजे रेडिएशन) सगळं उरकलेलं असतं. संभाजीनगरच्या, बार्शीच्या नाहीतर मुंबईच्या दवाखान्यातून 'आता तीन महिन्यांनी दाखवायला या' म्हणून घरी पाठवलेलं असतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

करू द्या. हळूहळू, पण करू द्या.

उपचार चालू असतात तेव्हा रोज कुणीतरी सांगणारं असतं. आज रक्त तपासा, उद्या सलाईन, परवा लाईट. ते संपलं की सांगणारं कुणी उरत नाही. भेटायला येणारी माणसंही कमी होतात, कारण त्यांच्या हिशेबी ती बरी झालेली असते. आजार उलटला तर काय, ही भीती नेमकी तेव्हाच डोकं वर काढते.

आपल्या भागात कॅन्सर ओळखण्याचं मोठं काम झालंय. बार्शी, भूम, परांड्याच्या गावांत १९८७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. धाराशिव जिल्ह्यातल्या लाखाहून जास्त बायकांना घेऊन केलेल्या अभ्यासातून २००९ साली जगाला कळलं, की एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनंही (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो, त्याच्या तपासणीनंही) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. ज्या वाचतात, त्यांचं पुढं कसं चाललंय याचीही तितकीच विचारपूस व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

घरी दोन गोष्टी घडतात. एका घरात तिला झाडूलासुद्धा हात लावू देत नाहीत, ताट जागेवर येतं. दुसऱ्या घरात सोयाबीन काढणीला आलेलं असतं, उपचारापायी उसनवारी झालेली असते, आणि बाई आठवड्यात रानात दिसते. दुसऱ्या घराला मी बोल लावत नाही, तिथं रोजाचा प्रश्न असतो. पण पहिल्या घरातल्या मायेनंही नुकसान होतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. झोपून राहिल्यानं स्नायू आणखी ढिले पडतात, थकवा वाढतो. आणि जिच्या हातात सगळं घर होतं, तिला आता दूधवाल्याचा हिशेबही कुणी विचारत नाही. हे तिला फार लागतं.

हा थकवा साधा नसतो. रात्रभर झोपूनही तो जात नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घ्याच. पण तिथं काही सापडलं नाही, तर सर्वांत चांगला उपाय चालणं हाच आहे. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास, बोलता येईल इतपत वेगानं. सुरुवातीला दहा मिनिटं जमली तरी पुष्कळ. जिथं दम लागेल तिथं थांबायचं आणि पुढच्या आठवड्यात थोडं वाढवायचं.

स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडं कापूस आहे. काखेतल्या गाठी काढल्या, वर लाईट दिली, की त्या हातातलं पाणी नीट वाहून जात नाही आणि हाताला सूज येऊ शकते. कधी महिन्यांनी येते, कधी वर्षांनी. बांगडी अडायला लागली, ब्लाउजची बाही एकाच हाताला घट्ट झाली, तर वाट न बघता दाखवायचं. वेचणीत बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचतात. त्या हाताला बारीक ओरखडाही साधा समजू नका. लालसर झालं, गरम लागलं, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. म्हणून वेचायला जाताना पूर्ण बाहीचा सदरा आणि हातमोजे घालायचे, घरी आल्यावर हात साबणानं धुऊन कोरडा करायचा. पण 'या हातानं कधीच काही उचलू नको' हा सल्ला आता मागं पडलाय. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत गेलं तर सूज वाढत नाही, हे २००९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. आधी भाकरी थापणं, मग अर्धी कळशी, मग वेचणी. वेचलेल्या कापसाचं भरलं गाठोडं उचलायचं मात्र शेवटी, आणि खांदा पूर्ण वर जायला लागल्यावरच.

तोंडाच्या कॅन्सरचं दुखणं वेगळं. मोंढ्यात हमाली करणारा माणूस अंगानं धडधाकट असतो, पण तोंड दोन बोटंही उघडत नाही, बोलणं समोरच्याला कळत नाही. मग तो पंगतीत बसायचं टाळतो, फोन पोराकडं देतो. तोंड उघडण्याचे व्यायाम लाईट संपल्यावरही महिनोन् महिने, दिवसातून बऱ्याच वेळा करावे लागतात. त्याचं बोलणं तुम्ही पुरं करू नका. वेळ लागू द्या, त्यालाच बोलू द्या. दात काढायची वेळ आली, तर लाईट घेतल्याचं दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. मानेला लाईट बसली असेल तर थायरॉईडची तपासणी सहा ते बारा महिन्यांनी करत राहा. आणि तंबाखू घरातल्या सगळ्यांनीच सोडावी. समोर बसून चुना मळणाऱ्या भावाला पाहून त्यानं कसं सोडायचं?

गर्भपिशवीच्या कॅन्सरनंतरचं तर कुणी बोलतच नाही. लाईटनंतर योनी अरुंद होऊ शकते, जवळीक दुखते. लघवी-संडासचा त्रास, रक्त जाणं वर्षांनीही सुरू होऊ शकतं. यावर उपाय आहेत. पण नवरा आणि सासू खोलीत बसलेली असताना ती बाई सांगणार नाही. म्हणून तुम्ही बाहेर थांबा, तिला नर्सबाईंशी एकटीला बोलू द्या.

तपासणीची तारीख जवळ आली की चिडचिड होते, झोप उडते. 'काही होत नाही गं' म्हणून तिला गप्प करू नका. कशाची भीती वाटतेय ते विचारा आणि ऐकून घ्या. मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेली मानसच्या सरकारी नंबरावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पैशापायी तपासणी चुकवू नका. मुंबईला जायचं असेल, तर दवाखान्याच्या प्रमाणपत्रावर रेल्वेत स्लीपरचं तिकीट रुग्णाला माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट असते, आणि हे फेरतपासणीलाही लागू आहे.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: कोणते उपचार झाले, पुढं कधी यायचं, काय दिसलं तर लगेच यायचं, कोणतं काम कधीपासून चालेल. फाइल जाडजूड असते, गावातल्या डॉक्टरांना त्यातलं शोधायला वेळ नसतो. त्या कागदाची एक झेरॉक्स मायच्याच पिशवीत ठेवा. आणि निघायच्या आधी तिलाच विचारा, तिला आधी कोणतं काम परत हवंय. कुणाला चूल हवी असते, कुणाला बचत गटाची वही.