बार्सिलोनाच्या रस्त्यांवर बालागेर

बार्सिलोनात नोकरीला आले आणि आरागो रस्त्यावर घर मिळालं. तिथून डोंगराच्या दिशेनं चालत गेलं की वालेन्सिया, मायोर्का, प्रोवेन्सा, रोसेल्यो, कोर्सेगा असे रस्ते एकापाठोपाठ लागतात. एके काळी आरागोनच्या राजमुकुटाशी, म्हणजे इथल्या मध्ययुगीन राजसत्तेशी, जोडलेले हे सगळे प्रदेश. इतर रस्त्यांवर आउझिआस मार्क हा पंधराव्या शतकातला कवी भेटतो, 1714 च्या वेढ्यात शहर लढवणारा कासानोव्हा भेटतो. ही नावं 1863 मध्ये व्हिक्तोर बालागेर यांनी सुचवली. जुना तट पाडून नवं शहर उभं राहत होतं आणि नगरपालिकेनं नावांचं काम या लेखकावर सोपवलं.

1714 च्या पराभवानंतर, 1716 च्या फर्मानानं, कातालुन्याची, म्हणजे बार्सिलोनाभोवतीच्या या प्रदेशाची, कातालान भाषा न्यायालयातून हद्दपार झाली होती. घरात बोलली जायची, पण शिकलेली माणसं लिहायची स्पॅनिशमध्ये. बालागेर यांनी आपला मोठा कातालुन्याचा इतिहासही स्पॅनिशमध्येच लिहिला. तरीही 1859 मध्ये बार्सिलोनात ‘जॉक्स फ्लोराल्स’ या मध्ययुगीन कातालान काव्यस्पर्धा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा सात परीक्षकांत ते होते. प्रेमकवितेला खरं फूल, देशभक्तीच्या कवितेला सोन्याचं. पुढे 1877 मध्ये याच स्पर्धेत कवी व्हेर्दागेरच्या ‘लात्लांतिदा’ महाकाव्याचा गौरव झाला. मला विचाराल तर बालागेर यांच्या स्वतःच्या कवितांपेक्षा या स्पर्धांचं काम मोठं. इतरांना लिहायला जागा मिळाली!

राजकारणापायी 1866 मध्ये त्यांना देश सोडावा लागला. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोवान्सच्या कवींनी, प्रोवांसाल भाषेत लिहिणाऱ्या मिस्त्रालनं, त्यांना आसरा दिला. कातालान मंडळींनी कृतज्ञतेनं या कवींना चांदीचा चषक पाठवला. त्यावर मिस्त्रालनं रचलेलं गीत प्रोवान्समध्ये आजही उभं राहून गातात. दोन दबलेल्या भाषांनी एकमेकींना असा हात दिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बार्सिलोनाजवळच्या व्हिलानोवा गावाच्या स्टेशनाशेजारी बालागेर यांनी 1884 मध्ये उघडलेलं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. आपली पुस्तकं, संग्रह, सगळं त्यांनी त्या गावाला दिलं. तिथल्या फिलिपिन्सच्या वस्तूंपुढे मात्र मी अस्वस्थ झाले. बालागेर वसाहतींचे मंत्री असताना, 1887 मध्ये, माद्रिदच्या प्रदर्शनात त्या बेटांवरची जिवंत माणसंही लोकांना बघायला ठेवली होती. त्यातली काही तिथेच दगावली. स्वतःच्या भाषेचा अपमान ज्यांना इतका झोंबला, त्यांना हे कसं चाललं? त्यांच्याबद्दलचा माझा आदर खरा आहे, आणि हा रागही.