दुपारी दोनला बंद पडणारा एसी

"भाऊ, रात्रभर मस्त थंड करते, अन् दुपारी एक-दोन वाजले की नुसती हवा फेकते. दोनदा गॅस भरून झाला." फोनवरच्या या दोन वाक्यांतच अर्धं निदान होतं. गॅस गळत असेल तर एसी दिवसागणिक मंदावत जातो. दुपारी आजारी आणि रात्री ठणठणीत, असं वेळापत्रक तो पाळत नाही.

नागपूर, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झालेला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बेडरूमची भिंत पश्चिमेची. मशीन जुनं, दीड टन, इन्व्हर्टर नसलेलं, गॅस आर-२२. आउटडोरवरच्या प्लेटवर दोन आकडे वाचता आले: गॅस ९५० ग्रॅम, करंट ७.९ अँपिअर. पाटी पुसट झाली असेल तर ओल्या फडक्याने पुसून मोबाइलच्या टॉर्चने वाचावी. पुढचं सगळं काम या दोन आकड्यांवर चालतं.

सकाळी साडेदहाला पोहोचलो तेव्हा बाहेर ३७ डिग्री होतं आणि एसी झकास चालत होता. फिल्टर स्वच्छ, ब्लोअरच्या पात्यांवर थर नाही. इनडोरमध्ये शिरणारी हवा २९, ग्रिलमधून बाहेर येणारी १७. बारा डिग्रीचा फरक म्हणजे तक्रारीला जागाच नाही. सक्शनला, म्हणजे गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणाऱ्या जाड पाइपाला, दाब मोजायचा गेज लावला, ७८ पीएसआय. टोंग टेस्टरवर, म्हणजे वायरीभोवती धरून करंट मोजायच्या मीटरवर, ८.८ अँपिअर. दोन्ही आकडे किंचित वर, पण मेमध्ये एवढं चालतं असं म्हणून सोडून देता येण्यासारखे. इथे "सगळं ओके आहे" म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन निघता आलं असतं, किंवा तिसऱ्यांदा गॅस भरता आला असता. घरातल्या काकूंना म्हटलं, "एसी बंद करू नका, मी दुपारी परत येतो."

निघताना एक गोष्ट मात्र खटकली. ड्रेनच्या पाइपातून पाण्याची सलग धार लागली होती. आपल्याकडे मेमध्ये हवा इतकी कोरडी की एसीच्या ड्रेनमधून थेंब-थेंब पडलं तरी पुष्कळ. हे पाणी आलं कुठून? हॉलमध्ये डेझर्ट कूलर जोरात चालू होता आणि बेडरूमचं दार उघडं. कूलर हवेत पाणी भरतो, एसी तेच पाणी पुन्हा बाहेर काढतो. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी करायची तर विजेच्या साधारण दोन-तृतीयांश युनिटइतकी उष्णता खेचावी लागते, आणि उन्हाळ्यात कूलर तासाला कित्येक लिटर पाणी पितो. दार बंद करायला सांगितलं. मूळ बिघाड हा नव्हता, पण ओझं तर होतंच. विदर्भात दर दोन घरांआड हे दिसतं.

पावणेदोनला परत आलो आणि आउटडोरजवळ बसून राहिलो. सावलीतलं तापमान ४५. गेज ८८, मग ९२, मग ९६. करंट १०.२, १०.८, ११.४. दोन वाजून सात मिनिटांनी आतून 'टक्' असा बारीक आवाज आला आणि टोंग टेस्टर एकदम ०.३ वर. कॉम्प्रेसर बंद, आउटडोरचा पंखा मात्र फिरतोच आहे. याचा अर्थ आतून पुरवठा येतो आहे, पीसीबी (इनडोरमधला सर्किट बोर्ड) आणि रिले ठीक आहेत, कॉम्प्रेसरचा ओएलपी, म्हणजे ओव्हरलोड प्रोटेक्टर, उडाला आहे. टर्मिनलवर व्होल्टेज २१८, तेव्हा कमी व्होल्टेजचाही दोष नाही. ओएलपी गार व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, अशा उन्हात त्याहून जास्त. तोवर इनडोर नुसती हवा फेकत राहतो. घरच्यांना त्यात 'गॅस संपला' असं दिसतं.

गेज आणि करंट दोन्ही एकत्र वाचायचे असतात. दोन्ही खाली असले तर गॅस कमी किंवा कॅपिलरी, म्हणजे गॅसचा दाब उतरवणारी बारीक नळी, चोक. बारीक पाइपावर बर्फ आणि जाड पाइप कोरडा, हेही कमी गॅसचंच लक्षण. गेज वर पण करंट खाली, तर कॉम्प्रेसर पंप करत नाही. दोन्ही वर, म्हणजे कंडेन्सरमधून (आउटडोरच्या कॉइलमधून) उष्णता बाहेर पडत नाही किंवा गॅस जास्त झाला आहे. घरगुती स्प्लिटला डिस्चार्जच्या, म्हणजे कॉम्प्रेसरमधून गॅस बाहेर पडतो त्या बाजूला बहुधा गेज लावायचा पोर्ट नसतो, त्यामुळे तिथला दाब, म्हणजे हेड प्रेशर, थेट दिसत नाही. करंटवरूनच त्याचा अंदाज घ्यावा लागतो. इथे दोन्ही वर होते. गॅस कमी असण्याचा प्रश्नच उरला नाही.

उष्णता अडकली कुठे, ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. उन्हाचा त्रास नको म्हणून घरच्यांनी आउटडोरसमोर हिरवी नेट बांधली होती, पंख्याच्या जाळीपासून जेमतेम दोन बोटं अंतरावर. पंख्याने फेकलेली गरम हवा नेटवर आपटून बाजूने मागे वळत होती आणि कॉइल तीच पुन्हा ओढत होती. कॉइलच्या मागे थर्मामीटर धरला, ५१. म्हणजे बाहेर ४५ असताना मशीनच्या नशिबी ५१. एसीचं टनेज, म्हणजे थंड करायची ताकद, बाहेरच्या ३५ डिग्रीवर मोजलेलं असतं. ५१ ला दीड टनाचं मशीन दीड टन राहत नाही.

नेट सोडल्यावर पंखा नीट दिसला आणि माझी सकाळची चूकही. फिरती पाती डोळ्यांनी मोजता येत होती. पूर्ण वेगात ती धूसर चकतीसारखी दिसायला हवीत. मेन बंद केली, पंख्याच्या कपॅसिटरचा चार्ज उतरवला, वायरी काढून मीटर लावला. वर छापलेलं २.५ मायक्रोफॅरड, मीटर दाखवतो १.४. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, इथे निम्म्याच्या आसपास आलं होतं. असा कपॅसिटर सकाळी कसाबसा काम भागवतो आणि तापला की आणखी ढासळतो. नेटच्या आडून पंखा फिरताना दिसला म्हणून मी सकाळी मोजला नव्हता. मोजला असता तर दुपारच्या आधीच धागा हाती लागला असता. पंखा हाताने फिरवून पाहिला, बेअरिंग मोकळं होतं. ४४० व्होल्टचा, २.५ मायक्रोफॅरडचाच नवा कपॅसिटर टाकला. जास्त मायक्रोफॅरडचा टाकला की पंखा जोरात फिरतो असं काही जण समजतात. प्रत्यक्षात मोटर तापते आणि वाइंडिंग जळतं.

मग कॉइल. बाहेरून पाहिली तर लख्ख, कारण आधीच्यांनी बाहेरूनच पाइपाने धुतली होती. पण हवा बाहेरून आत जाते, कचराही त्याच वाटेने जातो. बाहेरून पाणी मारलं की तो आणखी आत, दोन रांगांच्या मध्ये जाऊन बसतो. वरचं झाकण आणि पुढचं पॅनल काढलं, पंख्याची मोटर आणि वायरिंगचा डबा पॉलिथिनने झाकला आणि आतून बाहेर पाणी सोडलं. प्रेशर बेताचंच ठेवलं, नाहीतर फिन्स, म्हणजे कॉइलच्या पातळ पट्ट्या, आडव्या होतात. अ‍ॅसिड नाही, नुसतं पाणी. पहिल्या दोन मिनिटांत काहीच निघालं नाही. मग फिन्समधून राखाडी पापुद्रा सुटू लागला: धूळ आणि सावरीचा कापूस एकत्र थापून झालेला नमदाच. तळहाताएवढा तुकडा सलग निघाला. काकू गॅलरीच्या दारातून पाहत होत्या. "हे आत होतं?" एवढंच म्हणाल्या.

चालू करून पाहिलं. करंट ११.४ वरून ९.९. ट्रिप होईना, पण आकडा अजूनही वरच. उरला गॅस. आधी दोनदा भरला तेव्हा वजनकाटा आणला नव्हता, असं घरच्यांनीच सांगितलं. जाड पाइपाला घाम आला की पुरे, या हिशोबाने भरला असणार. थोडाथोडा सोडून अंदाजाने आकडा जुळवायची पद्धत मला मान्य नाही. आर-२२ हवेत सोडूही नये, ओझोनचं नुकसान वेगळंच. रिकव्हरी मशीन लावून सगळा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये घेतला आणि काट्यावर ठेवला. सिलिंडरचं वजन वजा जाता १,३४० ग्रॅम.

प्लेटवर ९५०. म्हणजे ३९० ग्रॅम जास्त. दोन वेळा भरलेला गॅस आतच होता, एक ग्रॅमही कुठे गेला नव्हता. तरी मशीन रिकामं होतं म्हणून नायट्रोजन २५० पीएसआयला भरून अर्धा तास ठेवला आणि पाइपांच्या जोडांवरच्या फ्लेअर नटांना साबणाचं पाणी लावलं. उन्हात ही टेस्ट घेताना काटा थोडा वर सरकतो, तापमान वाढलं की दाब वाढतोच. खाली सरकला तरच काळजी. सरकला नाही.

व्हॅक्यूम पंप चाळीस मिनिटं चालवला, बंद करून दहा मिनिटं काटा स्थिर आहे ना पाहिलं, आणि तोच गॅस फिल्टरमधून ९५० ग्रॅम मोजून परत भरला. दहा मिनिटांत व्हॅक्यूम उरकणारे पुष्कळ आहेत. आत राहिलेला दमटपणा पुढे कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो, आणि मग पुन्हा तोच 'गॅस कमी' चा खेळ.

काकूंनी विचारलं, "किती गॅस टाकला?"

"टाकला नाही काकू, काढला."

रिमोटवर १६ लावलेलं होतं, ते २५ केलं. हा कॉम्प्रेसर एकाच वेगाने फिरतो. १६ ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, तो फक्त थांबायचं नाव घेत नाही. सावलीसाठी नेट हवीच असेल तर छपरासारखी वर, आउटडोरच्या माथ्यावर दीड हात सोडून बांधायला सांगितली. पुढची बाजू पूर्ण मोकळी.

पावणेसहा वाजले होते, बाहेर ४३. करंट ८.६, गेज ७१. पण संध्याकाळचा आकडा पुरावा नव्हे, सकाळीही सगळं ठीकच होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पुन्हा गेलो. सावलीत ४५.५, कॉइलच्या मागे ४६. करंट ८.९, गेज ७३, खोलीची हवा २६, ग्रिल १४. अडीचपर्यंत थांबलो. सर्व्हिस व्हॉल्व्हच्या झाकणाशेजारी मार्करने लिहिलं: ९५० ग्रॅम, तारीख, फॅन कपॅसिटर २.५. पुढच्या वेळी जो कोणी गेज घेऊन येईल त्याला ते आधी दिसेल.