डाव्या कुशीवरची साखर

काकूंनी माझ्यापुढे ठेवलेली वही शाळकरी मुलांची, दुरेघी होती आणि तिच्यात गेल्या तेवीस रात्रींचा हिशोब लिहिलेला होता: किती वाजता गजर झाला, मोबाइलवर आकडा किती होता, किती चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली आणि पुन्हा डोळा कधी लागला. हा शेवटचा रकाना बहुतेक ओळींमध्ये रिकामा होता.

काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, वय ६७. मधुमेह २२ वर्षांचा, दिवसा गोळ्या आणि रात्री इन्सुलिनचे एक इंजेक्शन. कराडमधल्या माझ्या दवाखान्यात ते अकरा वर्षे येत आहेत. त्यांचा मुलगा जर्मनीत नोकरी करतो. गणपतीत घरी आला तेव्हा त्याने वडिलांच्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला साखर सतत मोजणारा सेन्सर बसवला आणि मुदत संपली की तो कसा बदलायचा हे आईला शिकवून गेला. नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या असलेल्या त्या चकतीला काका 'बिल्ला' म्हणतात. नोकरीत असताना छातीवर लावायचे, आता दंडावर लावतात, एवढाच त्यांच्या लेखी फरक. दर पाच मिनिटांनी नवा आकडा काकूंच्या मोबाइलवर दिसतो आणि त्याच क्षणी मुलाच्याही. साखर ७० च्या खाली गेली की दोन्हीकडे गजर होतो. इथे पहाटेचे पावणेतीन वाजलेले असतात तेव्हा तिकडे हिवाळ्यात रात्रीचे सव्वादहा होतात, मुलगा जागाच असतो आणि लगेच फोन करतो, "आई, ऊठ, बाबांना साखर दे."

नोव्हेंबरच्या अखेरीस हे गजर सुरू झाले तेव्हा काकूंनी मला फोनवर कळवले होते आणि मुलाने आलेखाचे फोटोही पाठवले होते. त्यांत मध्यरात्रीनंतर रेघ एकदम खाली उतरलेली, ६२, ५८, एका रात्री ५४. घाम येतो का, थरथर होते का, भूक लागते का, असे मी विचारले, तर काका म्हणाले, "काहीच नाही मॅडम, मी गाढ झोपेत असतो, हीच उठवून साखरपाणी पाजते." जुन्या मधुमेहात साखर उतरल्याची जाणीवच नाहीशी होऊ शकते आणि अशा रुग्णाला झोपेत फार मोठा धोका असतो, हे ठाऊक असल्याने मी रात्रीचे इन्सुलिन १८ युनिटांवरून १४ वर आणले. गजर थांबले नाहीत, तेव्हा १० वर आणले. बोट टोचून एकदा खात्री करा, हे सांगायला हवे होते. ते मी सांगितले नाही. आलेख इतका नीटस होता की मी त्याच्यावर विश्वास ठेवला. या चुकीची जबाबदारी माझी आहे आणि ती मी त्या दोघांजवळ कबूलही केली.

त्या सकाळी ते आले ते थकव्याची तक्रार घेऊन. काकांना तहान लागत होती आणि रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागत होते. उपाशीपोटीची साखर, जी ऑक्टोबरमध्ये १२८ होती, ती प्रयोगशाळेच्या अहवालात २१४ झालेली होती. रोज रात्री साखर कमी होणाऱ्या माणसाची सकाळची साखर एवढी चढलेली असणे अशक्य नव्हे. इन्सुलिन मीच कमी केले होते आणि वर साखरपाणीही चालू होते. पण मग गजर का थांबत नाहीत, हे काही जुळत नव्हते.

मी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. सतराव्या रात्रीच्या ओळीत एक नोंद वेगळी होती. त्या रात्री २.५० ला ५८ चा गजर झाला, काकूंनी तीन चमचे साखर दिली आणि तेवढ्यात मोबाइलवरचा आकडा दिसेनासा झाला. घाबरून त्यांनी कपाटातले जुने ग्लुकोमीटर काढून काकांचे बोट टोचले. वेळ ३.०५, साखर १९६. काकूंनी पुढे लिहिले होते, "देवाची कृपा, लवकर वाढली." तीन चमचे साखरेने पंधरा मिनिटांत साखर साधारण चाळीस-पन्नासने वाढावी, ५८ ची १९६ होत नाही. दोनपैकी एक आकडा खोटा होता. साखर कालवलेल्या हाताने बोट धरले गेले तर ग्लुकोमीटरही फसवते, म्हणून मी विचारले. काकू म्हणाल्या, "नाही हो, यांची बोटं आधी ओल्या फडक्याने पुसली आणि कोरडी केली, तुम्हीच शिकवलंय ना."

मग मी काकांना शर्ट काढायला सांगितले. डावी बाही निघाली. उजवा हात मात्र बाहीतून निघेना. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि काकूंनी पुढे होऊन बाही ओढून काढली. खांदा आखडला होता. मधुमेहींमध्ये ही तक्रार नेहमीची आहे, पण महिनाभर त्यांनी ती मला सांगितली नव्हती.

"मग झोपता कसे?"

"डाव्या कुशीवर. उजवीकडे वळलं की कळ मस्तकात जाते. उताणं झोपलं की ही म्हणते घोरता."

डाव्या दंडाकडे पाहिले. चकतीभोवती गोल वळ उठला होता, घट्ट बांगडी रात्रभर घातल्यावर मनगटावर उमटतो तसा, आणि सकाळचे अकरा वाजून गेले तरी तो पुरता मावळला नव्हता.

हा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. त्याचा केसासारखा तंतू कातडीखाली शिरून तिथल्या पेशींच्या अवतीभवती असलेल्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातून ती तिथवर पोचायला काही मिनिटे लागतात. लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स या अमेरिकी संशोधकांनी १९६२ मध्ये एन्झाइमच्या (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या) साहाय्याने ग्लुकोज मोजण्याची जी कल्पना मांडली, तीच आजही या तंतूच्या टोकाशी आहे. ते एन्झाइम भोवतालच्या थेंबभर द्रवापलीकडचे काही जाणत नाही. दंड शरीराच्या भाराखाली चेपला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो, नवी साखर येत नाही, आणि सगळ्या शरीरात साखर भरपूर असली तरी त्या एका जागेचा आकडा घसरतो. हे मी वाचलेले होते. परिषदेत ऐकलेलेही होते. माझ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र ते मला सुचले नाही.

काकांना तपासणीच्या टेबलावर डाव्या कुशीवर निजवले. मोबाइल काकूंच्या हातात दिला आणि बाहेरच्या रुग्णांना थांबायची विनंती केली. सुरुवातीचा आकडा २२६. दहा मिनिटांनी २०९, वीस मिनिटांनी १७४. काकू प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होत्या आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. आकडा १३९ झाला तेव्हा त्यांचा फोन वाजला. मुलगा होता. जर्मनीत सकाळचे सात वाजत होते. "आई, दोन बाण खाली दाखवतंय, साखर पडतेय, बाबा कुठे आहेत?"

मी फोन घेतला आणि म्हटले, "तुमचे बाबा माझ्यासमोर आहेत. एक मिनिट थांबा." आमच्या सिस्टरांनी काकांचे बोट साबणाने धुऊन, कोरडे करून टोचले. ग्लुकोमीटरवर २३१. तो आकडा मी मुलाला सांगितला तेव्हा पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, इतके दिवस मी आईला उगाच उठवत होतो?" उगाच नव्हे, असे मी सांगितले, आणि ते मनापासून सांगितले, परदेशात बसून वडिलांची एवढी काळजी दुसऱ्या कोणत्या मार्गाने घेता आली असती? काका उठून बसले आणि वीस मिनिटांत आकडा पुन्हा दोनशेच्या वर गेला.

काकूंचा रक्तदाब मी सहज म्हणून पाहिला. तो १६८/१०० निघाला. तेवीस रात्री त्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, कारण आपल्याला झोप लागली आणि गजर ऐकूच आला नाही तर, ही भीती. या यंत्राबद्दल बोलताना आपण रुग्णाचा विचार करतो. घरातल्या जागणाऱ्या माणसाचा कुणी करत नाही, आणि मलाही तो त्या दिवशीच सुचला.

उपाय साधा होता. सेन्सर उजव्या दंडावर घ्यायचा, कारण त्या कुशीवर काका झोपूच शकत नव्हते. गजर झाला आणि काका बोलत-चालत असतील तर आधी बोट टोचायचे. बोलण्यात अडखळत असतील किंवा घामाघूम असतील तर न टोचता साखर द्यायची. इन्सुलिन मी टप्प्याटप्प्याने पुन्हा १८ युनिटांवर नेले, खांद्यासाठी फिजिओथेरपी सुरू केली आणि काकूंना त्यांच्या स्वतःच्या नावाचा केसपेपर काढून दिला.

पाच आठवड्यांनी ती वही पुन्हा माझ्या टेबलावर आली. नव्या पानांवर रात्रीच्या नोंदी नव्हत्या, फक्त सकाळचे आकडे होते, १३४, १२६, १३१. एकच रात्र अपवाद होती. पुतण्याच्या लग्नात काका दुपारी जेवले, रात्री भूक नाही म्हणून नुसते ताक प्यायले आणि इन्सुलिन नेहमीएवढेच घेतले. त्या ओळीत काकूंनी लिहिले होते: "२.१५. बिल्ला ६१. बोट टोचून ६६. खरेच कमी. साखर तीन चमचे. २.३० ला १०४. नंतर दोघेही झोपलो."